पुस्तके पाच, धडा मात्र पहिलाच

वाचकाचा प्रश्न (सारांश): हिशेबाच्या कामात दिवस जाणाऱ्या चौतीस वर्षांच्या एका वाचक भगिनी गेल्या सात महिन्यांपासून घरच्या घरी, कोणत्याही वर्गाशिवाय, कोरियन शिकण्याचा प्रयत्न करीत आहेत. भाषांतराच्या ओळी न वाचता कोरियन मालिका समजाव्यात ही त्यांची मूळ इच्छा आहे, आणि पुढे जमल्यास टोपिक ही कोरियन भाषेची प्रावीण्य परीक्षा द्यावी असेही त्यांच्या मनात आहे. त्यांच्याकडे पाच पाठ्यपुस्तके आहेत, फोनवर तीन ॲप आहेत आणि ‘नंतर पाहू’ म्हणून साठवलेले शेकडो व्हिडिओ आहेत. प्रत्येक पुस्तकाचे पहिले दोन धडे होतात, तिसऱ्याशी अडखळायला होते, मग दुसरे पुस्तक अधिक चांगले असेल असे वाटून पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात होते. हांगुल या कोरियन लिपीतली अक्षरे त्यांना ओळखता येतात, पण वाचायला वेळ लागतो, म्हणून वहीत सर्व काही त्या देवनागरीत लिहून घेतात. ‘आपली लिपी उच्चारानुसारी आहे, त्यामुळे रोमनपेक्षा ती अचूकच असणार’ असे त्यांचे म्हणणे आहे. पुस्तकांतील स्पष्टीकरणे इंग्रजीत आहेत आणि त्यांचे इंग्रजी बेताचे आहे. कोरियन शिकायला २,२०० तास लागतात असे वाचल्यापासून चुकीच्या पुस्तकावर एकही तास वाया जाऊ नये अशी धास्ती त्यांना वाटते. त्या विचारतात : ‘नवशिक्यासाठी सर्वांत चांगले पुस्तक कोणते ते एकदा सांगा, म्हणजे बाकीची बाजूला ठेवते.’

उत्तर :

तुमचे पत्र वाचताना माझे लक्ष पुस्तकांच्या संख्येपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीकडे गेले. पाच वेगवेगळ्या लेखकांची, वेगवेगळ्या पद्धतीची पुस्तके तुम्ही उघडलीत आणि पाचही वेळा साधारण एकाच जागी थांबलात. एखाद्या पुस्तकाची मांडणी सदोष असती, तर निदान दुसऱ्या पुस्तकात तुम्ही सहाव्या-सातव्या धड्यापर्यंत पोहोचला असता. बहुतेक प्राथमिक पुस्तकांत पहिले एक-दोन धडे अभिवादन, नाव सांगणे आणि ‘मी अमुक आहे’ एवढ्यावर चालतात. हे सारे पाठ करून निभावते. त्यानंतर क्रियापदांचे प्रत्यय बदलू लागतात, नामांना प्रत्यय लागतात आणि अक्षरे शेजारी आली की त्यांचे उच्चार एकमेकांवर परिणाम करू लागतात. पाठांतर तिथे अपुरे पडते, कारण भाषा खरी तिथून सुरू होते. म्हणून सर्वांत चांगले पुस्तक कोणते याचे उत्तर मी देईन, पण त्याआधी तुमच्या वहीबद्दल बोलू द्या, कारण अडथळा त्या वहीत आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मी प्रौढ वयात ही भाषा शिकू लागले, तेव्हा माझीही पहिली वही देवनागरीतच होती. आमच्या शिक्षिकेने एकदा तीन शब्द उच्चारले आणि ते लिहून घ्यायला सांगितले. एकाचा अर्थ आग, दुसऱ्याचा शिंग आणि तिसऱ्याचा गवत. मी तिन्ही वेळा जवळजवळ एकच शब्द लिहिला होता. कोरियनमध्ये ओठांनी उच्चारायच्या स्फोटक व्यंजनांच्या तीन जाती आहेत : साधे, ताणून दाबलेले आणि महाप्राण. गवताच्या शब्दातला महाप्राण आपल्या ‘फ’च्या जवळ आहे, तो मराठी माणसाला सहज येतो. इंग्रजी भाषकाला इथे जो झगडा करावा लागतो तो तुम्हाला करावा लागणार नाही. शिंगाच्या शब्दातला दाबलेला वर्ण आपल्या घट्ट ‘प’सारखा लागतो. पंचाईत होते ती साध्या वर्णाची. तो शब्दारंभी ‘प’कडे झुकतो, किंचित हवा सोडतो, आणि दोन स्वरांच्या मध्ये आला की ‘ब’ होतो. पती-पत्नी या अर्थाच्या दोन अक्षरी शब्दात हाच वर्ण दोनदा येतो. कोरियन माणूस तो एकाच चिन्हाने दोनदा लिहितो, आपल्या कानाला मात्र ‘पुबु’ असे ऐकू येते. आता तुम्ही वहीत ‘पुबु’ लिहिले, तर एका वर्णाचे दोन झाले, आणि आग-शिंग-गवत लिहिताना तीन वर्णांचा एक झाला. हीच अडचण ‘क’ आणि ‘त’ यांच्या गटातही आहे.

देवनागरी उच्चारानुसारी आहे हे तुमचे म्हणणे खरे आहे, पण ती आपल्या उच्चारांना अनुसरते. रोमनमध्येही हाच घोटाळा आहे आणि तिथे तो दुप्पट आहे, कारण दक्षिण कोरियाच्या सरकारने २००० साली रोमन लिप्यंतराची नवी पद्धत स्वीकारली, तर त्याआधीच्या पुस्तकांत जुनी पद्धत आढळते. त्यामुळे एकाच बंदराच्या शहराचे नाव जुन्या पुस्तकात ‘पुसान’ आणि नव्यात ‘बुसान’ असे दिसते. या सदरात मी शब्द देवनागरीत देते आहे तो केवळ अंदाज यावा म्हणून. ते वहीत उतरवून घेऊ नका.

या वहीचा आणखी एक तोटा आहे आणि तो तुमच्या तिसऱ्या धड्याशी थेट जोडलेला आहे. ‘करणे’ या क्रियापदाचे औपचारिक रूप अक्षरांप्रमाणे वाचले तर ‘हाप-नि-दा’ असे होते, पण उच्चारात ते ‘हाम्निदा’ होते, कारण पुढच्या अनुनासिकामुळे आधीचा वर्णही अनुनासिक होतो. ‘एकत्र’ या अर्थाचा शब्द लिहिताना ‘थ’ असतो, बोलताना ‘काछि’ ऐकू येते. तुम्ही ऐकलेले रूप देवनागरीत टिपले की मूळ क्रियापद कोणते आणि प्रत्यय कोठून सुरू झाला हे दिसेनासे होते. मग प्रत्येक रूप स्वतंत्र शब्द वाटू लागते, शब्दकोशात ते सापडत नाही आणि धडा अवघड वाटतो. हांगुलात लिहिलेला शब्द मात्र आपले धातू आणि प्रत्यय उघडे ठेवतो.

त्या लिपीची भीती बाळगण्याचे काहीच कारण नाही. कोरियाच्या सेजोंग राजाच्या काळात १४४३ साली ती तयार झाली आणि १४४६ साली प्रसिद्ध झाली. चिनी लिपी शिकण्याइतका वेळ नसलेल्या सामान्य माणसाला आपले म्हणणे लिहिता यावे, हाच तिचा उद्देश होता. ही लिपी समजावून सांगणाऱ्या त्या वेळच्या ग्रंथाच्या शेवटी चॉंग इन-जी या विद्वानाने असे म्हटले आहे की, हुशार माणसाला ही लिपी सकाळ सरण्याआधी येईल आणि मंदबुद्धीलाही दहा दिवस पुरतील. आज वापरात असलेली मूळ अक्षरे २४ आहेत, १४ व्यंजने आणि १० स्वर, आणि त्यांची जोडरूपे धरून ४०. ‘न’ लिहिताना जीभ वर टेकल्याचा आकार, ‘म’ लिहिताना तोंडाची चौकट, अशी व्यंजनांची रचनाच मुखातल्या अवयवांवरून केलेली आहे. उच्चारस्थानांनुसार वर्णमाला शिकलेल्या आपल्यासारख्यांना हे तर्कशास्त्र परके वाटू नये. तुम्हाला अक्षरे येतात, फक्त वेग नाही, आणि देवनागरीची काठी हातात असेपर्यंत तो येणारही नाही. तीन आठवडे ती काठी पूर्ण बाजूला ठेवा. फोनवर कोरियन कळफलक सुरू करा. त्यात व्यंजने डावीकडे आणि स्वर उजवीकडे असतात, त्यामुळे टंकलेखन करता करताच अक्षराची घडण मनात बसते. हे तीन आठवडे संथ आणि त्रासाचे जातील, याची मला कल्पना आहे.

आता त्या २,२०० तासांविषयी. हा आकडा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषा-प्रशिक्षण संस्थेचा आहे. तो इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांसाठी आहे आणि व्यावसायिक कामकाज करता येईल अशा पातळीपर्यंतच्या वर्गातील तासांचा आहे. तुमची मातृभाषा वेगळी आहे आणि तुमचे उद्दिष्टही वेगळे आहे. ‘मी शाळेत जाते’ हे वाक्य कोरियनमध्ये ‘जॉनुन हाक्क्योए कायो’ असे होते. मी, शाळेत, जाते. क्रम तोच, क्रियापद शेवटी, आणि ‘त’ हा प्रत्यय नामाच्या मागे चिकटलेला. इंग्रजी भाषकाला सारे वाक्य उलटे करून बांधावे लागते, तुम्हाला ते करावे लागणार नाही. भाषेत लिंगभेदही नाही, आणि ‘जाते, जातो, जातात’ अशी पुरुषवचनानुसार रूपे बदलण्याचीही भानगड नाही.

म्हणूनच इंग्रजीतल्या स्पष्टीकरणांबद्दल तुमची जी अडचण आहे, तिच्यावर माझा उपाय थोडा वेगळा आहे. ती स्पष्टीकरणे मुख्यतः इंग्रजी भाषकाच्या अडचणी सोडवण्यासाठी लिहिलेली असतात. कर्म क्रियापदाच्या आधी येते हे सांगण्यात तिथे पान खर्ची पडते, आणि ते तुम्हाला वाचण्याची गरजच नाही. आधी उदाहरणवाक्ये पाहा, त्यांचा शब्दाला शब्द लावून मराठी अर्थ लिहा, आणि अर्थ लागला नाही तरच स्पष्टीकरणाकडे वळा. आठवड्यातून दोन-तीनदाच तशी वेळ येईल. मात्र मराठी कुठे साथ सोडते हेही ओळखा. ‘ती शाळेत आहे’ आणि ‘ती शाळेत शिकते’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘त’ वापरतो, तर कोरियनमध्ये पहिल्याला ‘ए’ आणि दुसऱ्याला ‘एसॉ’ लागतो, कारण दुसऱ्या जागी कृती घडते आहे. तसेच वाक्याचा विषय दाखवणारा प्रत्यय आणि कर्ता दाखवणारा प्रत्यय हे दोन वेगळे आहेत. पहिल्यासाठी आपल्या ‘तर’ची आठवण ठेवली, ‘मी तर विद्यार्थिनी आहे’ यातला ‘तर’, तर सुरुवातीला पुष्कळ काम भागते. अशा जागांची एक वेगळी यादी वहीच्या मागच्या पानावर ठेवा. ती यादी तुम्हाला कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही.

आता पुस्तकांकडे येऊ. बाजारात दिसणाऱ्या साहित्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे अनेक जण निराश होतात. पहिला प्रकार कोरियातील विद्यापीठांच्या भाषा-संस्थांनी काढलेल्या मालिकांचा. सोल नॅशनल, योन्से, इह्वा, सोगांग या विद्यापीठांच्या मालिका जगभर वापरल्या जातात, आणि त्यांतील सोगांगची मालिका बोलण्यावर भर देण्यासाठी ओळखली जाते. पण या पुस्तकांच्या मागे एक वर्ग गृहीत धरलेला असतो. अशा संस्थांत साधारणपणे एक पातळी दहा आठवड्यांत, आठवड्यातले पाच दिवस, रोज चार तास, म्हणजे २०० तासांत पूर्ण होते, आणि पुस्तकात जे लिहिलेले नसते ते शिक्षक फळ्यावर सांगतात. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला त्यात स्पष्टीकरण अपुरे वाटते. दोष पुस्तकाचा नसतो. दुसरा प्रकार स्वयंअध्ययनासाठी लिहिलेल्या पुस्तकांचा, ज्यांत स्पष्टीकरण भरपूर असते आणि मागे उत्तरे असतात, पण संवाद थोडे व काहीसे कृत्रिम असतात. तुम्ही एकट्या शिकत आहात, म्हणून तुमचे मुख्य पुस्तक या दुसऱ्या प्रकारातले असावे असे माझे स्पष्ट मत आहे. वर्गाला जाणाऱ्या वाचकांनी मात्र नेमके उलट करावे.

दक्षिण कोरियाच्या सरकारी पाठबळावर चालणाऱ्या सेजोंग हाकदांग या कोरियन शिकवणाऱ्या संस्थांचे ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत आणि ते विनामूल्य आहेत. तुमच्या पाच पुस्तकांत कुठलेच योग्य ठरले नाही, तर सहावे विकत घेण्याआधी तिकडे पाहा.

पण पाचांतून एक निवडायचे कसे? पहिला धडा पाहून कोणतेही पुस्तक निवडू नका, कारण पहिला धडा सगळ्यांचाच गोड असतो. प्रत्येकाचा पाचवा धडा उघडा. लिपीची ओळख संपल्यानंतरही प्रत्येक ओळीखाली रोमन उच्चार छापलेले असतील, तर ते पुस्तक बाजूला ठेवा, कारण डोळा नेहमी सोप्या ओळीवर जातो. ध्वनिफीत नसेल तरीही बाजूला ठेवा. स्वाध्यायाची उत्तरे नसतील, तर एकट्या विद्यार्थ्याला त्या स्वाध्यायांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. मग वेळ कशी सांगायची हे त्यात कसे शिकवले आहे ते पाहा. कोरियनमध्ये संख्यांच्या दोन मालिका आहेत, एक मूळची कोरियन आणि दुसरी चिनी उगमाची, आणि तीन वाजून वीस मिनिटे झाली हे सांगताना तास पहिल्या मालिकेतून व मिनिटे दुसऱ्या मालिकेतून घ्यावी लागतात. जे पुस्तक दोन्ही तक्ते एका पानावर छापून पुढे जाते, त्यापेक्षा जे घड्याळ, वय, दूरध्वनी क्रमांक अशा प्रसंगांतून त्या मालिका वेगवेगळ्या वळणी पाडते, ते तुमच्या कामाचे. हिशेबात मुरलेल्या व्यक्तीला हा फरक चटकन कळेल. एवढ्या गाळणीतून बहुधा दोन पुस्तके उरतील. त्यांतले जे पातळ असेल ते घ्या. हा निकष शास्त्रीय नाही, पण संपवता येईल असे पुस्तक हाती असणे तुम्हाला आत्ता फार आवश्यक आहे.

बाकीची चार टाकून देऊ नका, मात्र त्यांच्याकडून पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकण्याचे काम काढून घ्या. मुख्य पुस्तकात एखादा प्रत्यय कळला नाही, तर त्याच प्रत्ययाची जागा दुसऱ्या पुस्तकात शोधून तेवढे पान वाचा आणि परत या. तरीही कळले नाही, तर समासात खूण करून पुढे चला. दोन धड्यांनंतर तोच प्रत्यय दहा वाक्यांतून भेटतो आणि पुष्कळदा तेव्हाच उलगडतो. तिन्ही ॲपपैकी एक ठेवा, शब्दांच्या उजळणीसाठी. वाढत्या अंतराने शब्द समोर आणणारे कार्डांचे ॲप असेल तर उत्तम, पण त्यात इतरांनी केलेल्या तयार याद्या न घेता स्वतःच्या धड्यातले शब्द, आणि शक्यतो पूर्ण वाक्ये, भरा.

शब्दांबाबत एक गोष्ट तुम्हाला आनंद देईल. कोरियन शब्दकोशातील निम्म्याहून अधिक शब्द चिनी उगमाचे आहेत आणि ते आपल्या तत्सम शब्दांप्रमाणे तुकड्यांनी जोडलेले असतात. ‘हाक’ म्हणजे विद्या, शिकणे. हाक्क्यो म्हणजे शाळा, हाकसेंग म्हणजे विद्यार्थी, तेहाक म्हणजे विद्यापीठ, मुनहाक म्हणजे साहित्य, क्वाहाक म्हणजे विज्ञान. विद्यालय, विद्यार्थी, विद्यापीठ हे शब्द जसे आपल्याला एकदम कळतात, तसेच हे. म्हणून नवा शब्द लिहिताना त्यातला ओळखीचा तुकडा अधोरेखित करा. अर्थासाठी दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय भाषा-संस्थेचा प्राथमिक शब्दकोश इंटरनेटवर खुला आहे. त्यात सुमारे ५० हजार शब्द सोप्या व्याख्यांसह आहेत. इंग्रजी अर्थ तिथे मिळतात, मराठी नाहीत, पण उदाहरणवाक्ये इतकी साधी असतात की अर्थ लावायला ती पुरतात.

मालिकांविषयी मला थोडे सावध करावेसे वाटते, कारण तुमची मूळ ओढ तिथे आहे आणि ती ओढ मौल्यवान आहे. पुस्तक तुम्हाला बहुधा ‘-यो’ने संपणारे सभ्य रूप शिकवेल, तर मालिकेतील मित्र, भावंडे आणि प्रेमिक एकमेकांशी ‘यो’ गाळलेल्या सलगीच्या रूपात बोलतील. वयाने मोठ्या किंवा अनोळखी माणसाशी ते रूप वापरले तर तो उर्मटपणा ठरतो. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ हा भेद आपल्या अंगवळणी असल्यामुळे हे समजेल, पण कोरियनमध्ये ऐकणाऱ्याविषयीचा आदर आणि ज्याच्याविषयी बोलतो त्याचा आदर हे दोन्ही क्रियापदातच, वेगवेगळ्या जागी दाखवले जातात. धाकट्या भावाला ‘बाबा आले’ असे सांगताना बाबांसाठी आदर आणि भावाशी सलगी, दोन्ही एकाच क्रियापदात येतात. म्हणून पहिले पुस्तक संपेपर्यंत मालिका ऐकण्यासाठी वापरा, बोलण्याचा नमुना म्हणून नको. एका भागातला दोन मिनिटांचाच प्रसंग निवडा, आधी भाषांतरासह पाहा, मग ओळी बंद करून तीनदा ऐका, आणि ओळखू आलेले प्रत्यय तेवढे मोजा. शब्द कळले नाहीत तरी चालेल. लहान मुलांची चित्रपुस्तके सोपी असतील या समजुतीने त्यांच्याकडे वळू नका. त्यांत अनुकरणवाचक शब्दांची रेलचेल असते आणि कथनाची क्रियारूपे तुमच्या पुस्तकात इतक्या लवकर येत नाहीत.

टोपिकचा विचार पहिले पुस्तक संपल्यावर करा. पहिल्या स्तराच्या परीक्षेत ऐकण्याचे ३० आणि वाचनाचे ४० प्रश्न असतात. एकूण २०० गुणांपैकी ८० मिळाले तर पहिली आणि १४० मिळाले तर दुसरी पातळी मिळते. पहिल्या पातळीला साधारण ८०० मूलभूत शब्दांची अपेक्षा आहे. त्यात लेखन नाही आणि बोलणेही नाही, त्यामुळे केवळ परीक्षेची पुस्तके घेऊन बसणाऱ्याला गुण मिळतील, पण तोंड उघडता येणार नाही. नोकरी किंवा शिक्षणासाठी ठरावीक तारखेपर्यंत प्रमाणपत्र हवे असणाऱ्या वाचकांची गोष्ट वेगळी. त्यांनी मुख्य पुस्तकाबरोबरच जुन्या प्रश्नपत्रिका सुरू कराव्यात. तुम्हाला तशी घाई नाही, आणि ती ओढवून घेऊ नका.

रोज पाऊण तास मिळत असेल, तर त्यातली पहिली दहा मिनिटे कालच्या धड्याची ध्वनिफीत पुस्तक मिटून ऐकण्यात घालवा आणि ऐकलेले हांगुलात लिहा. चूक झाली तर नेमकी कोणत्या वर्णाची झाली ते पाहा. साधा आणि दाबलेला यांची गल्लत असेल, तर तो कानाचा प्रश्न आहे आणि ऐकूनच सुटेल. प्रत्यय चुकला असेल, तर धडा पुन्हा पाहावा लागेल. सुरुवात मात्र पुन्हा पहिल्या धड्यापासून करू नका. निवडलेल्या पुस्तकाचा तिसरा धडा उघडा, पहिल्या दोघांतले जे विसरले असेल ते वाटेत भेटेल. देवनागरीतली ती जुनी वही जवळच ठेवा. दहाव्या धड्यानंतर तिच्यातील शब्द स्मरणाने हांगुलात लिहून पाहा, आणि कोणकोणत्या ठिकाणी तीन वर्णांचा एक झाला होता ते मला अवश्य कळवा.